तळमजल्यावरच्या बाई

आमच्या संस्थेत पाहुणा आला की हारतुरे नंतर. आधी त्याने चाकाच्या खुर्चीत बसायचं आणि फाटकापासून खोलीपर्यंत स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत यायचं. हा बाईंचा कायदा. कोपरमधल्या एका खाजगी शाळेची तळमजल्यावरची खोली म्हणजे आमची अपंगांची संस्था, आणि बाई तिच्या संस्थापक, अध्यक्ष, वेळ पडली तर रखवालदारही. लहानपणीच पोलिओने दोन्ही पाय गेलेले. पण जीभ? बापरे!

कुणी केळी वाटायला येऊन "बिचारे" म्हणालं की संपलंच. "केळी घेऊन जा हो. आमच्या मुलींचे अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचे फॉर्म भरून देताय का, तेवढं बोला!" मी कुबड्यांवर चालणारा, त्यात घाबरट. वाद दिसला की म्हणायचो, "जाऊ दे ना बाई." त्या खवळायच्या. "अरे, जाऊ दे जाऊ दे करत अर्धं आयुष्य गेलं तुझं!"

एकदा शाळेच्या मंडळाला ती खोली दुकानदाराला भाड्याने द्यायची हुक्की आली. आम्ही म्हणे पहिल्या मजल्यावर जायचं. लिफ्ट नाही, उतार नाही. म्हणजे संस्था बंदच. मंडळाचे चिटणीस सांगायला आले. कायद्याप्रमाणे त्यांना खुर्चीत बसवलं, आणि घामाघूम होत आलेल्या त्या माणसाला बाईंनी थेट जिन्याशी नेलं.

"आता चला वर."

चिटणीस उठायला लागले. बाई कडाडल्या, "उठायचं नाही! आम्हाला येतं का उठता?"

"चार माणसं देतो ना उचलायला."

"रोज? आणि संडासला जायचं झालं की?"

चिटणिसांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला हसू आवरेना. विषय तिथेच बारगळला.

गेल्या वर्षी बाई गेल्या. मी ढसाढसा रडलो, लाज कसली त्यात? तेरावं होऊन आठवडा झाला नसेल, तोच मंडळाची नोटीस हजर! नव्या अध्यक्षांच्या, म्हणजे माझ्या नावाने. खोली सोडा, काही म्हणायचं असेल तर दुसऱ्या मजल्यावर मंडळाच्या सभेला या. बाई नाहीत, आता रान मोकळं, असं वाटलं असणार त्यांना.

सगळे माझ्याकडे बघत होते. "जाऊ दे" अगदी ओठांवर आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण डोकंच फिरलं माझं. कागद ओढला आणि लिहिलं: "खोली सोडणार नाही. आम्हाला वर येता येत नाही, तुम्हाला खाली येता येतं. सभा इथेच घ्या. चहा आमच्याकडून."