वजनात कमी भरलेली फुलदाणी

अन्याय झाला तो लातूरमध्ये पाच घरी धुणीभांडी करणाऱ्या एका बाईवर. वेळही सांगतो. वैशाखातला मंगळवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. तेव्हा ती आमच्या ठाण्याच्या बाकावर बसली, ती संध्याकाळी साडेपाचला उठली. तिला तिथे बसवणारा पोलीस उपनिरीक्षक मी होतो.

पोलिसांच्या आठवणी सहसा पेन्शन सुरू झाल्यावर लिहिल्या जातात आणि त्यात साहेब फार हुशार असतो. माझं वय चौतीस. सात वर्षं नोकरी केली, राजीनामा दिला, आता नांदेडला घरकामगार बायांच्या संघटनेचं काम करतो. पत्रकं लिहितो, सभा घेतो. भाषा पत्रकासारखी कडक वाटली तर वाटू द्या. नाव कुणाचंच घेणार नाही. बाईला मावशी म्हणतो. त्या दिवशीही मावशीच म्हणत होतो आणि मावशी म्हणत म्हणतच तिला सात तास बसवून ठेवलं.

तक्रारदार होते एक निवृत्त डॉक्टर. एकटे राहायचे. त्यांना एकच नाद, जपानी मातीच्या फुलदाण्यांचा. बिझेन नावाच्या गावाकडच्या, चकाकी न चढवलेल्या, लाकडाच्या भट्टीत कितीतरी दिवस भाजलेल्या. अशा सहा फुलदाण्या त्यांच्याकडे होत्या आणि प्रत्येकीची स्वतंत्र लाकडी पेटी, पेटीच्या झाकणावर कारागिराची सही. अर्जासोबत त्यांनी एक वही आणि फोटोंचा लिफाफा आणला होता. वहीत प्रत्येक फुलदाणीची उंची, घेर, वजन.

"ही पाहा," ते म्हणाले. टेबलावर त्यांनी वीतभर उंचीची एक फुलदाणी ठेवली आणि शेजारी तिचा फोटो. फोटोतली फुलदाणी फुलं ठेवलेली, गर्द तपकिरी, ओलसर चमक असलेली. तिच्या अंगावर गवताच्या काडीने ओढल्यासारखे लालभडक पट्टे. टेबलावरची फिकट, धुरकट. पट्टे होते, पण विटकरीच्या भुग्यासारखे.

"भाताचा पेंढा गुंडाळून भट्टीत ठेवतात, त्याचे हे पट्टे. माझ्या फुलदाणीचे पट्टे कुंकवासारखे लाल होते. ही नक्कल आहे. आणि वजन घ्या. वहीत आहे त्यापेक्षा साठ ग्रॅम कमी भरतंय. मातीचं वजन आपोआप कमी होतं का?"

मला वाटलं, होत नाही. कुणालाही तसंच वाटलं असतं.

दिवाळीनंतर डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे बेंगळुरूला गेले होते, ते सहा महिन्यांनी आले. घराची किल्ली मावशीकडे. आठवड्यातून दोनदा झाडलोट करायची, कुंड्यांना पाणी घालायचं, एवढं काम. बाकी पाच फुलदाण्या कपाटात जशाच्या तशा. ही एकटी बैठकीत असायची, दीड वर्षं सतत फुलं ठेवलेली. जाताना डॉक्टरांनी मावशीला ती रिकामी करून पेटीत ठेवायला सांगितली होती.

त्याच सकाळी खबरही आली. कॉलनीच्या वॉचमनने ठाण्यात फोन करून सांगितलं, डॉक्टर नसताना, डिसेंबरच्या शेवटी, ही बाई एकदा कापडात गुंडाळून गोल काहीतरी बस स्टँडकडे घेऊन गेली होती. त्याने स्वतः पाहिलं होतं. फोटो, वजन, किल्ली, गाठोडं. अर्धा तास झाला नव्हता आणि माझ्या डोक्यात तपास संपला होता.

आता मी काय केलं ते नीट वाचा. गुन्हा दाखल केला नाही. नुसता अर्ज घेतला आणि 'चौकशीकामी' बाईला ठाण्यात बोलावून घेतलं. बाईची विचारपूस करायची तर पोलिसाने तिच्या राहत्या घरी जायचं, तिला ठाण्यात बोलवायचं नाही, असं कायदा सांगतो. मधे कायद्याचं नाव बदललं, हा नियम तसाच राहिला. परीक्षेत त्यावर मी उत्तर लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते.

मावशी आली. पन्नाशीची, किरकोळ बांध्याची. माहेर शिरूर अनंतपाळकडचं, कुंभाराच्या घरातलं. ठाणे अंमलदाराने बाक दाखवला. बाकासमोरून दिवसभर लोक जातात. तिच्या कॉलनीतला दूधवाला पासपोर्टच्या कामासाठी आला होता, त्याने तिला पाहिलं. तिने पदर पुढे ओढला.

डॉक्टरांनी नऊ वाजताच कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं: 'माझ्या घरातील मौल्यवान वस्तू बदलण्यात आली आहे. सर्वांनी आपल्या कामवालीबाबत सावध राहावे.' मावशीचा फोन साडेअकराला वाजला. मग पावणेबाराला. एकपर्यंत चार वेळा वाजला. आमच्या महिला हवालदार शेजारी बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "कोण हाय ओ सारखं सारखं?"

"कामावरनं काढलं म्हनून सांगायलेत," मावशी म्हणाली. "उद्यापासून येऊ नगा म्हनले. चौथं घर हाय हे."

"आन पाचवं?"

"पाचवं डॉक्टरसायबाचंच की."

हवालदार माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून म्हणाल्या, "साहेब, तिची पाचही घरं गेली. आपण अजून तिला काय विचारलंसुद्धा न्हाई."

तेव्हा मी विचारायला घेतलं. प्रश्न सगळे ठरलेलेच होते. फुलदाणी कुणाला दिली, खोटी कुठून आणली, सोबत कोण होतं. ती प्रत्येक प्रश्नाला एकच सांगत होती, "मला जसं सांगितलं तसं म्या केलं."

"काय सांगितलं होतं?"

"साबन लावायचा न्हाई, माती साबन पिती. काथ्यानं घासायचं न्हाई. नुसत्या पान्यानं धुवायचं. आन पेटीत ठिवायच्या आधी पार वाळवायचं, न्हाईतर बुरा येतो. म्या आठ दिस सावलीत पालथं घालून वाळवलं. उनात न्हाई ठिवलं. मग कापडात गुंडाळून पेटीत ठिवलं."

"आणि बस स्टँडकडे कापडात गुंडाळून काय नेलंस?"

"कवा?"

"डॉक्टर नव्हते तेव्हा. पाहिलंय एकानं."

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा राग दिसला. "बिंदगं होतं ते. येळवशीला गावाकडं गेलते मी. आंबिलीचं बिंदगं भावजयीनं सांगितलं होतं, इथं कुंभारगल्लीतून नेलं. येळवशीला बिंदगं नेलं तर चोर व्हतंय का मानूस, सायेब?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर जिल्हा घरी नसतो, शेतात जेवायला असतो, आणि आंबील मातीच्या बिंदग्यातच, म्हणजे छोट्या गोल घागरीतच, जाते. वॉचमन परजिल्ह्यातला. पण मी तर इथलाच. गोल गाठोडं आणि मार्गशीर्षातले दिवस, हे एकत्र मांडून बघायला मला सुचलं नव्हतं.

फोटो अजून टेबलावर होता. ती उभ्यानेच तो बघत होती. मग तिने फुलदाणीकडे पाहिलं.

"ह्यो फोटू भरल्या भांड्याचा हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ह्याच्यात पानी हाय. फुलं दिसायलीत की. दीड वरीस भांडं वलं होतं. आता कोरडं ठनठनीत झालंय. बिंदगं नवं आनलं की आधी पान्यात बुडवून ठिवतेत, न्हाईतर निम्मी आंबील तेच पितंय. कोरं गाडगं फिक्कं आन हलकं. भिजलं की काळं आन जड. ह्यात काय इचारायलाव? पान्यात घाला आन बगा."

हवालदारांनी पाण्याची बादली आणली. ठाणे अंमलदार दारातून म्हणाला, "साहेब, मुद्देमाल बादलीत? फुटला तर भरून कोण देणार?" त्याचं बरोबर होतं. मी डॉक्टरांना बोलावून घेतलं.

ते आले आणि बादली पाहून संतापले. "अहो, वस्तू काय आहे ती तुम्हाला कळतंय का?"

"फुलं ठेवायच्या आधी तुम्ही ती भिजवत होता का?" मी विचारलं.

"अर्थात. कोरड्यात एकदम पाणी भरलं तर ते बाहेर पाझरतं, टेबलाला डाग पडतो. आधी पाण्यात ठेवावी लागते. ज्याने विकली त्यानेच..." इथे ते थांबले.

"आणि वहीतलं वजन कधी घेतलंत?"

"फोटो काढला त्याच दिवशी. फुलं काढून," ते म्हणाले. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हातांनी फुलदाणी स्वतःच बादलीत सोडली. बारीक बुडबुडे येत राहिले. पाच मिनिटांत पट्टे गडद व्हायला लागले. साडेचारला बाहेर काढून फडक्याने टिपली तेव्हा ती आणि फोटो यांत फरक करता येत नव्हता. शेजारच्या किराणा दुकानातून काटा आणला. चाळीस ग्रॅम भरून आले होते. उरलेले वीस रात्रभर ठेवली तर येतील, असं डॉक्टर स्वतःच म्हणाले.

अदलाबदल झालीच नव्हती. बाईने त्यांचा शब्द न शब्द पाळला, फुलदाणी इतकी नीट वाळवली की मालकालाच ओळखू आली नाही. तिच्या चोख कामाचा आम्ही तिच्याविरुद्ध पुरावा केला होता.

एवढ्यावर गोष्ट संपवली तर तपास यशस्वी म्हणून टाळ्या पडतील. थांबा.

साडेपाचला आम्ही तिचा जबाब घेतला. ठाण्यात अशा वेळी एक ठरलेलं वाक्य असतं, ते लिहिलं: 'माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' सही कर म्हटलं. तिने वाचून घेतलं, सातवी शिकलेली होती. म्हणाली, "माजी हाय की तक्रार." ठाणे अंमलदार म्हणाला, "मावशे, सही कर आन घरी जा, कशाला वाढवतेस." तिने सही केली. स्टेशन डायरीला नोंद झाली, अर्ज निकाली. त्या नोंदीखाली माझी सही आहे.

जाताना मी डॉक्टरांना म्हटलं, ग्रुपवर लिहा. त्यांनी माझ्यासमोर लिहिलं: 'वस्तू मिळाली आहे. पोलिसांचे मनःपूर्वक आभार.' मी म्हटलं, चोरी झालीच नव्हती, चूक माझी होती, असं लिहा. ते म्हणाले, "आता मिटलंय ना. कशाला ताणायचं." माणूस दुष्ट नव्हता. त्यांनी त्याच आठवड्यात मावशीला परत कामावर बोलावलं. पण त्या मेसेजखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'बोलतं केलेलं दिसतंय.' खाली अंगठ्यांची रांग लागली. अख्ख्या कॉलनीने समजून घेतलं ते असं की चोरी होती, पोलिसांनी दम दिला, माल परत आला.

चार घरांतल्या एकानेही तिला परत घेतलं नाही. डॉक्टरांच्या घरी ती स्वतः गेली नाही. दोन महिने दुसऱ्या कॉलन्यांत फिरली. 'आधी कुठं होतात' असं विचारलं की पुढे काम नसायचं. शेवटी तिने लातूर सोडलं. आता नांदेडला मुलींच्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करते. त्या मेसमध्येच झालेल्या संघटनेच्या बैठकीत अचानक भेटली, माझा राजीनामा झाल्यावर. मी माफी मागितली. ती पीठ लागलेले हात पुसत म्हणाली, "तुमी मागितलाव, बरं केलाव. पर त्या कॉलनीत कुनाला ठाव हाय? तिथं म्या चोरच हाय अजून."

नोकरीत मला माणसांबद्दल एक गोष्ट कळली. वस्तू हरवली की मालक घरात शोधत नाही, कामवालीच्या चेहऱ्यावर शोधतो, आणि पोलीस त्याचीच नजर उसनी घेतो. डॉक्टरांना पट्टे कशाचे, भट्टीत राख कशी उडते, बुरा का येतो, सगळं माहीत होतं. माती कोरडी पडते, हेही माहीत होतं. फक्त त्या सकाळी त्यांना ते आठवायची गरज पडली नाही, कारण दोष द्यायला माणूस जवळच होतं. हा काही डॉक्टरांचा एकट्याचा गुन्हा नाही. जो ग्रुप एका ओळीवर पाच घरं बंद करतो, त्यातला प्रत्येक जण त्यात आहे. आणि कायदा पाठ असून बाक दाखवणारा मी सगळ्यात पुढे.

तेव्हा तुमच्याकडे माझी मागणी आहे, आणि ती मी विनंतीच्या भाषेत करणार नाही. तुमच्या घरी कधीतरी काही हरवलं असेल, तुम्ही काम करणाऱ्या बाईचं नाव घेतलं असेल, आणि नंतर ती वस्तू कपाटामागे, गादीखाली, कुठेही मिळाली असेल. तुम्ही मनात 'बरं झालं' म्हणून गप्प बसला असाल. तर आज उठा. ज्या ज्या घरी तिचं नाव घेतलंत त्या प्रत्येक घराचं दार वाजवा आणि सांगा: तिने चोरी केली नव्हती, खोटं मी बोललो. मग तिच्या घरी जा आणि कुणाकुणाला सांगून आलात ती नावं तिला वाचून दाखवा.