मागं सरायची चाल

मला टँगो येतो. हसू नका. पासलीच्या डोंगरात वाढलेल्या बाईला टँगो येतो म्हटलं की नातवंडं तोंडावर हात धरतात. येतो म्हणजे येतो. आणि तो मी हौसेनं शिकले नाही, नवऱ्यानं डोक्यावर बसून शिकवला.

दुसरी लढाई लागायच्या आधीची गोष्ट. भोरला संस्थान होतं आणि हे तिथं बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. पुण्यात शिकलेले, टाय बांधणारे. मी भात लावणाऱ्या घरातली. लग्न थोरल्यांनी ठरवलेलं, त्याचा राग यांनी माझ्यावर काढला. बाजारात जायचं झालं तर हे पुढं, मी चार पावलं मागं. तशी पद्धतच होती म्हणा, पण इतरांचे नवरे वळून तरी बघायचे. यांनी तीन वर्षांत एकदा बघितलं नाही. मी वाटेत पडले असते तर यांना घरी पोचल्यावर कळलं असतं.

मग विलायतेत शिकून आलेले नवे साहेब खात्यावर आले. त्यांच्या बाईसाहेब मुंबईच्या, त्यांना नाचाचं वेड. दर रविवारी बंगल्यावर चहा आणि टँगो. ज्याला नाचता येईल त्याची साहेबांकडं उठबस. यांना बढती हवी होती. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "तुला नाच शिकावा लागेल. एक महिना आहे."

"म्या काय तमाशातली हाय व्हय?"

"मूर्ख आहेस. विलायती नाच आहे. नवरा-बायको समोरासमोर उभं राहून चालतात."

समोरासमोर! पुढचं काही मी ऐकलंच नाही. हा माणूस माझ्याकडं तोंड करून चालणार, तेही चारचौघांत. अगं बाई! मी तिथंच तयार झाले.

शिकवायला बँडमधून निवृत्त झालेले गोव्याकडचे म्हातारे मास्तर यायचे. परपुरुषानं हात धरायचा नाही, ही यांची अट. मास्तरांनी आपली काठी स्वतःच्या आणि माझ्या मधे आडवी धरली आणि मला पलीकडून धरायला सांगितली. "काठी तुमच्याकडं आली की मागं सरा. मागं चालणं बायकांना फार जड जातं. घाबरू नका."

जड? आम्ही भाताच्या आवणीला दिवसभर मागंच सरतो. वाफ्यात वाकून रोप खोचायचं आणि एक पाऊल मागं. पुढं गेलं तर लावलेलं तुडवलं जाईल की. चिखलात पाय दणकन टाकायचा नसतो. बोटं आधी चाचपतात, तळ लागला की मग अंगाचा भार त्यावर सोडायचा, आणि दुसरा पाय त्याच्या शेजारनं सरकत मागं न्यायचा. मी तेच केलं. मास्तर थांबले, माझ्या पायांकडं बघत राहिले. "हे शिकवायला मला सहा महिने लागतात," म्हणाले.

मग मला यांच्याबरोबर उभं केलं. चूक माझी एकच व्हायची. पावलाबरोबर मी खाली वाकायचे. कंबरेला सवयच तशी. "बाई, मान वर. जमिनीत काही लावायचं नाहीये!" मास्तर ओरडायचे. मान वर केली तेव्हा यांच्या हनुवटीखालचा तीळ दिसला. तीन वर्षांचा संसार, आणि तीळ तेव्हा दिसला.

यांचं मात्र काही खरं नव्हतं. मास्तर ग्रामोफोनला चावी द्यायचे आणि सांगायचे, "सावकाश, सावकाश, चट-चट, सावकाश. ठोका येऊ द्या, मग पाऊल." हे मोटार चुकेल अशा घाईनं ठोक्याच्या आधीच निघायचे. दोनदा मला कणगीवर आपटलं. मास्तर चिडले. "तिला मागचं दिसत नाही साहेब. तिची पाठ तुमच्या भरवशावर आहे."

पण एका दुपारी जमलं. तबकडी संपेपर्यंत कुठं अडलं नाही. यांनी मोजणं सोडलं, माझ्याकडं बघितलं आणि हसले. "जमतंय की गं." त्या 'गं'वर मी आठ दिवस हवेत होते. वेडी कुठली!

रविवारी बंगल्यावर गेलो. यांनी आणलेलं पाचवारी पातळ पायांत येत होतं, तरी मी चुकले नाही. बाकीच्या जोड्या बाजूला होऊन आमच्याकडं बघायला लागल्या. बाईसाहेब मधेच जवळ आल्या. "मागं इतकं सुरेख चालताना मी कुणालाच पाहिलं नाही. कुठं शिकलात?"

"पुण्याला, शाळेत असताना," हे घाईनं म्हणाले.

गप्प बसायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला होता, वाटलं यांनाही कौतुक वाटेल. "न्हाई वो बाईसाहेब! पासलीला, भाताच्या खाचरात. आमी दिसभर असंच मागं सरतो, गुडगाभर चिखलात." आणि वाकून दाखवलंसुद्धा.

बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यातून एक ओव्हरसियर म्हणाला, "तरीच!" आणि सगळे हसले. माझ्या पाठीवरचा यांचा हात निघाला. तबकडी अजून वाजत होती.

येताना लख्ख ऊन होतं. हे पुढं, मी मागं. चार पावलं नाही. नदीच्या वळणावर तर दिसेनासेच झाले. मी काय पाप केलं होतं?

बढती मिळाली त्यांना. मग दर रविवारी एकटे जायला लागले. मला कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. असेच चार-पाच महिने गेले.

एका सकाळी मी ओचा खोचून अंगण सारवत होते. बंगल्यावरचा नवा शिपाई दारात आला, हातात मोसंब्यांची करंडी.

"बाईसाहेबांनी पाठवल्यात. तुमच्या साहेबांच्या बाई लई आजारी असत्यात म्हनं, नाचाला यायला हुत न्हाई त्यास्नी." त्यानं करंडी माझ्यापुढं ठेवली. "आत नेऊन दे. कशा हायती आता बाई?"

माझे हात मनगटापर्यंत शेणात होते.

"हायती तशाच," मी म्हणाले. "निजल्यात."