बॅटरीची उन्हाळी सुट्टी

आमच्या शाळेकडे एक फिरती प्रयोगशाळा होती, म्हणजे विज्ञानाची उपकरणे घेऊन खेड्यांतून हिंडणारी जुनी व्हॅन. नागपूरच्या उन्हाळ्यात ती दोन महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी राही आणि जूनमध्ये हमखास सुरू होत नसे. सलग दोन वर्षे असे झाल्यावर मुख्याध्यापकांनी बजावले, “यंदा सुरू झाली नाही, तर गाडी दुसऱ्या शाळेला देऊन टाकीन.” गाडी माझ्या ताब्यात होती आणि माझा तिच्यावर जीव होता.

सुट्टीला गावी जाण्यापूर्वी मी शिपायाला शेडमध्ये उभे करून बॅटरी सांभाळण्याचा रीतसर पाठ दिला. प्रथम तारा सोडवाव्यात. टोकांना व्हॅसलीन लावावे. आतले पाणी पट्ट्यांच्या वर राहील असे पाहावे. पाणी ऊर्ध्वपातितच घालावे, माठातले नव्हे. आणि मुख्य म्हणजे, बॅटरी नुसती बसून राहिली की मरते, म्हणून दर पंधरवड्याला ती चार्ज करून आणावी. त्याने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

जूनमध्ये मुख्याध्यापकांच्या देखत किल्ली फिरवली. पहिल्याच फेरीला इंजिन धडधडले! ते प्रसन्न होऊन आत गेले. मी कौतुकाने बॉनेट उघडले, तर टोकांवरच्या व्हॅसलीनमध्ये पिवळ्या अक्षता रुतलेल्या.

“हे काय रे?”

“सर, तुमीच त सांगतलं, बसून राहिली का मरते. मंग म्या तिले बसूच नाही देल्लं.”

“म्हणजे?”

“जरीपटक्याच्या वस्तीत लाउडस्पीकरवाला आहे न, त्याच्यापाशी चार्जर आहे. तो म्हणे, लग्नात वापरू दे, फुकट भरून देतो. मलेबी पंगतीत बसवत जाय.”

रागवावे, तर गाडी चालू होती. न रागवावे, तर शिस्तीचा प्रश्न होता. मी ब्रशने अक्षता झाडल्या आणि बॉनेट लावले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावून माझ्या पद्धतीचे टिपण मागितले. मी लिहिले : ‘बॅटरी अधूनमधून प्रत्यक्ष कामास लावून लगेच पूर्ण चार्ज करावी.’ त्यांनी चष्मा वर केला.

“कोणत्या कामास?”

“ध्वनिविषयक प्रयोगांस.”

“किती प्रयोग केलेत?”

मी आकडा जुळवत होतो, तोच टेबलावर पाण्याचा पेला ठेवत शिपाई अदबीने म्हणाला, “आठ झाले, साहेब. एकबी फेल नाही.”