चिंधूची ग्यासभट्टी

हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात चिंधू बॉयलरवर होता. बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे पुष्कळ असतात. चिंधू आग राखायचा. टाकणारा फावडं मारून मोकळा होतो. राखणारा आधी दाराच्या फटीतून ज्वाळेचा रंग बघतो, थर कुठे जाड झाला, कुठे भोक पडलं ते ओळखतो आणि तेवढ्याच जागी अर्धं फावडं टाकतो. पण कापसाचा हंगाम सरला की कारखान्याला कुलूप लागायचं, आणि आग राखणारा हा माणूस सडकेवर गिट्टी फोडायला जायचा. वर्षभर पुरेल असं आपल्या हातचं एक काम असावं, एवढीच त्याची इच्छा होती.

त्याच कारखान्यात नानाजी लोहार होता. मशीनची मोडतोड तो बघायचा आणि सुटी झाली की लोहारपुऱ्यात आपल्या अंगणात विळे-सुऱ्या घडवायचा. हात चांगला होता, पण कोळशाच्या भट्टीत त्याचा जीव मेटाकुटीस यायचा. सुरीचं टोक पातळ, पाठ जाड. पाठ लाल होईपर्यंत टोक जळून जायचं. दुपारची भाकर खाताना तो रोज हेच रडगाणं लावायचा. चिंधूनं एक दिवस त्याला सांगितलं, तुझ्या हातात खोट नाही, तुझी आग आंधळी आहे.

डोळस आग कशी करायची ते त्याला एका लग्नात सुचलं. मांडवातली ग्यासबत्ती विझली होती आणि ती कोणाला पेटेना. चिंधूनं ती खोलली, साफ केली, पेटवली. बत्तीत घासलेट जळत नाही. ते तापलेल्या नळीतून वर चढतं, त्याचा ग्यास होतो आणि तो ग्यास जळतो. नळी मोठी केली आणि ज्वाळा कोंडली तर लोखंड सगळीकडून सारखं तापेल, असं त्याच्या मनानं घेतलं.

हे छप्पन सालच्या उन्हाळ्यातलं. कारखान्यामागे भंगाराचा ढीग होता आणि लागेल ते न्यायला साहेबांची ना नव्हती. चिंधूनं एक तेलाचा पिंप उचलला, आडवा ठेवून छिन्नीनं त्याचं तोंड कापलं. जुन्या बॉयलरच्या पाडलेल्या भिंतीतल्या भाजक्या विटा कुटल्या. नुसत्या कुटल्या नाहीत, चाळणीनं चाळल्या, आणि चाळणीवर राहिलं ते पुन्हा कुटलं. त्यात पांढरी माती आणि राख कालवून पिंपाला आतून चार बोटं जाड लिंपण दिलं. वैशाखाच्या उन्हानं ते तडकलं. त्यानं ते सगळं खरवडून काढलं, पुन्हा लिंपलं, आणि या वेळी वरून ओलं बारदान टाकून सावकाश सुकवलं. बारदान सुकू द्यायचं नाही, म्हणून तो दुपारी सडकेवरून येऊन पाणी मारून परत जायचा.

त्याच ढिगातल्या फवारणीच्या मोडक्या पंपाची पितळी टाकी घासलेटासाठी झाली; पंप मारून हवा भरली की घासलेट दाबानं नळीत चढायचं. नळीचं वेटोळं त्यानं आत वाळू ठासून वळवलं, म्हणजे नळी चेपत नाही. पहिली ज्वाळा पिवळी आणि धुरकट निघाली. त्यानं भोक बारीक केलं, हवेला वाट मोठी केली, नळी बोटभर मागे घेतली, मग पुन्हा अर्धं बोट पुढे. हे कित्येक दिवस चाललं. शेवटी एका संध्याकाळी भट्टी एकदम घोंगावली आणि ज्वाळा निळी झाली. नानाजीनं झिजलेली कानस आत धरली. ती टोकापासून मुठीपर्यंत एका रंगाची झाली. तो म्हणाला, "चिंधू, आता मी म्हातारा होईपर्यंत मराले मोकळा नाई."

भट्टी नानाजीच्या अंगणात मांडली होती. चिंधूच्या वस्तीत घरं गवताची, एकमेकांना टेकलेली. तिथे असला जाळ नको असं त्यालाच वाटलं. नानाजी सांडशी धरायचा आणि चिंधू घण मारायचा. कधी उलटं. कानशीच्या सुऱ्या, ट्रकच्या कमानपाट्यांचे कोयते. लाल पातं जवसाच्या तेलात बुडवून पाणी दिलं की ते नखावर वाजायचं. चिंधू पाणी मात्र आपल्या तांब्यातलं प्यायचा. त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत. हंगाम आला की कारखाना सोडायचा आणि बाजारात दोघांचं दुकान लावायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

दसरा आला. त्याच दसऱ्याला नागपूरची दीक्षा होती. वस्ती सगळी निघाली, चिंधू आणि त्याची बायको धुरपताही निघाले. आदल्या दिवशी नानाजीनं विचारलं, पहिलाच दसरा आहे, भट्टीची पूजा कोण करणार?

लोहारपुऱ्यात दसऱ्याची पूजा साधी गोष्ट नव्हती. ज्याच्या हातून पूजा, त्याचं अवजार. भाऊ वेगळे निघाले आणि ऐरणीवरून तंटा झाला, तर पंच एवढंच विचारत, मागच्या दसऱ्याला नारळ कोणी फोडला? चिंधूला हे ठाऊक होतं. पण देव सुटले तसा देवांचा हा कायदाही आपल्यापुरता सुटला, असं तो धरून चालला.

"मले आता पूजाबिजा नाई," तो म्हणाला. "तू करून टाकजो."

"पाह्य बरं."

"पाह्यलं."

नागपूरहून तो पांढऱ्या कपड्यांत परतला. भट्टीवर हळदकुंकू होतं, झेंडूची माळ होती. त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो पंपाला हात घालायला गेला तेव्हा नानाजीनं त्याला थांबवलं. डोळे दुसरीकडे ठेवून म्हणाला की बाजारातल्या व्यापाऱ्यानं माल मागितला आहे, पण पात्यावर एकाच लोहाराचा शिक्का पाहिजे म्हणतो. आणि पुऱ्यातले लोकही आता बोलून राहिले.

"मंग?"

"मंग काय. तू रोज येजो. पंप मारजो. तुही मजुरी देईन मी, बुडवनार नाई."

चिंधूनं पंच बसवायला लावले. पंचांतले बंडूजी वयानं मोठे, उगाच कोणाचं वाईट करणारा माणूस नव्हे. त्यांनी चिंधूला ओट्याखाली का होईना, पोतं टाकून बसवलं आणि विचारलं, नारळ कोणी फोडला? नानाजीनं, चिंधू म्हणाला. कोणाच्या सांगण्यावरून? माझ्या. चिंधूला खोटं बोलता आलं असतं. साक्षीला कोणी नव्हतं. तो खोटं बोलला नाही. बंडूजींनी विचारलं, यातली तुझी वस्तू कोणती, ती उचलून ने. चिंधूनं भट्टीकडे पाहिलं. पिंप कारखान्याचा, विटा कारखान्याच्या, टाकी कारखान्याची, सांडशी आणि ऐरण नानाजीची. त्याचे होते ते कष्ट, आणि ते लिंपणात गेले होते.

तरीही त्याला आशा होती. नानाजीनं एकदा म्हणावं, ही यानं बांधली. मग भट्टी त्यानं खुशाल ठेवावी.

बंडूजी नानाजीकडे वळले. "हा काय करे मंग इथं?"

नानाजीनं तळहातावरची काजळी पुसली. "पंप मारे," तो म्हणाला.

चिंधू उठला. पोतं त्यानं घडी घालून ओट्यावर ठेवलं आणि निघाला.

त्या हंगामात तो पुन्हा बॉयलरवर उभा राहिला. नानाजीनं कारखाना सोडला होता. त्याच्या सुऱ्या बाजारात निघाल्या. चिंधूनं एक हातात घेऊन पाहिली. पातं वाईट असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पातं चांगलं होतं. टोकाला, पाठीला एकच रंग लागला होता. त्यानं ती होती तिथे ठेवली.

धुरपतानं वर्षभर धीर धरला. मग एक दिवस ती म्हणाली, "एकदा केली ते दुसऱ्यांदा काऊन नाई होनार? का त्यानं तुमचे हातबी ठेवून घेतले?" शब्द लागला. चिंधू पुन्हा भंगारात शिरला. पिंप मिळाला, विटा होत्याच. या खेपेला लिंपण तडकलं नाही. नळी पहिल्याच दिवशी जागेवर बसली. वस्तीबाहेर नाल्याच्या काठी, घरांपासून लांब, त्यानं कुडाचा मांडव घातला. आधी हे का सुचलं नाही, असं धुरपतानं विचारलं. तेव्हा अंगणाची गरज नव्हती, माणसाची होती, एवढंच तो म्हणाला.

गरज आताही होतीच. पातं एकट्यानं होत नाही. एकानं धरायचं, एकानं मारायचं, आणि धरणाऱ्यानं मारणाऱ्यावर हात सोपवायचा. घण बोटभर चुकला तर मनगट जातं. धुरपताचा भाऊ प्रेमदास तयार झाला. तरणा, कष्टाळू, बोलका. सकाळी पेटवायच्या वेळी तो हजर. टाकीत घासलेट भरलं होतं, वेटोळं तापवायला त्याखाली चिंधी ठेवली होती. चिंधूनं हातात काडी घेतली आणि थांबला.

"प्रेमदास, ही भट्टी कोनाची?"

प्रेमदास हसला. "आपली, भाटवे. अजून कोनाची?"

तो मनापासून बोलला होता. दुसरं काही म्हणायचं असतं असं त्याच्या ध्यानातही नव्हतं. नानाजीच्या अंगणातली भट्टीही दसऱ्यापर्यंत 'आपली'च होती. चिंधूनं काडी पेटीत परत घातली. टाकीचं बूच काढून घासलेट हळूहळू, थेंब न सांडता, डब्यात ओतून घेतलं. प्रेमदास विचारत राहिला, माझं काय चुकलं? काही चुकलं नाही, चिंधू म्हणाला, आणि ते खरं होतं. दुपारपर्यंत वाट पाहून प्रेमदास रागानं घरी गेला.

चिंधूनं पुढे बॉयलरवर आणि सडकेवरच दिवस काढले. ती दुसरी भट्टी मांडवात तशीच राहिली. एकदाही पेटली नाही.