लाल गाडीचं मागचं झाकण

वैशाखातली भर दुपार होती. जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं, आणि धुळ्याहून वहिनींचा फोन आला. आवाज अगदी शांत. "भाऊ, त्यास्नी झाकन लावं आनि तठेच बसी ग्यात... उठी नही राह्यनात." मी जळगावहून पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी आबांना ओसरीवर आणून ठेवलं होतं. उजव्या हाताच्या बोटांना ग्रीस तसंच होतं. वहिनी कुणाला ते पुसू देत नव्हत्या.

आबा म्हणजे यशवंत आबा, वहिनी त्यांच्या पत्नी. धुळ्यात नोकरीला असताना मी त्यांच्या शेजारी भाड्याने राहायचो, तेव्हापासूनची ओळख. मी शाळेत विज्ञान शिकवणारा, त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. माझ्याहून बरेच मोठे, पण थट्टेला वयाची अट नव्हती. दुकान बेताचंच चालायचं, आणि अशा माणसाने विलायती लाल गाडी घरी आणली! बुटकी, दोन दारांची, इंजिन मागच्या बाजूला. हौसेला मोल नसतं हेच खरं. ती गाडी एका म्हाताऱ्या शेठच्या गोदामात सरकीच्या पोत्यांमागे वर्षानुवर्षं पडून होती. शेठचा तरुण मुलगा ती चालवायचा. तो तापाने गेला आणि मग गाडीला कुणी हात लावला नाही. किल्ली देताना शेठ म्हणाले होते, "आबा, घेऊन जा, पण दुपारी हिच्याजवळ एकटं थांबू नका." मीही तिथे होतो. कारण विचारलं, तर शेठ नुसते इंजिनाच्या झाकणाकडे बघत राहिले.

कारण आठवडाभरात कळलं. झाकणाचा खटका धड नव्हता. दाबून बसवलेलं झाकण उन्हं डोक्यावर आली की आपोआप सुटायचं आणि सावकाश वर यायचं, आतून कुणी हाताने उचलावं तसं. "उन्हाने पत्रा फुगतो आणि खटक्याची जीभ सुटते," मी सांगून टाकलं. भुताखेताच्या गप्पांना हसण्यात माझं आयुष्य गेलेलं. आबांनाही ते पटलं. त्यांनी खटका घासून पाहिला, स्प्रिंग बदलली, लोखंडी कपाटाच्या कुलपाचे भाग बसवून पाहिले. एकदा तर साक्रीहून येताना रस्त्यातच झाकण सुटलं, तेव्हा शेतातून केळीच्या खोडाचं ओलं सोपट, दोरीसारखी साल, मागून आणून त्यांनी ते करकचून बांधलं. इंजिनाच्या धगीने सोपट वाळलं, तुटलं, आणि आम्ही उघड्या झाकणानिशी धुळ्यात शिरलो. "हाई झाकन नही, मनी सासू शे," आबा म्हणायचे, "कव्हय तोंड उघडी, काय भरोसा नही." वहिनी आतून भांडं आपटायच्या.

खटका दुरुस्त करणं हे दोघांचं काम. झाकण सोडायची दांडी पुढे, चालकाच्या सीटजवळ, आणि तिथून तार मागे खटक्यापर्यंत गेलेली. एकाने पुढे बसून दांडी धरायची, दुसऱ्याने मागे वाकून खटका जुळवायचा. बोटं आत असताना पुढच्याने चुकून दांडी हलवली तर संपलंच. म्हणून आबा मागून आधी विचारायचे, "शे ना?" आहेस ना, लक्ष आहे ना. मी पुढून म्हणायचो, "शे." मग तळहात झाकणावर ठेवून ते दाबायचे... खट्. वर्षानुवर्षं हेच. मी निवृत्त होऊन जळगावला आल्यावरही महिन्यातून एकदा मला धुळ्याला जावंच लागायचं, त्या सीटवर बसून तो एक शब्द बोलायला. आज वाटतं, खटका नीट झाला असता तर आमच्या भेटी तरी झाल्या असत्या का? मला त्यांची फार आठवण येते.

आबा गेल्यावर दीडेक महिन्याने त्यांच्या मुलीचा, सीमाचा, नाशिकहून फोन आला. रडवेली झाली होती. "काका, आई रोज दुपारी गाडीच्या शेडमध्ये जाऊन बसते. म्हणते, बाबा झाकण उघडतात, मी लावते. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी तिला इकडे घेऊन येते म्हटलं, तर ती यायला तयार नाही. तुम्ही ते झाकण एकदाचं पक्कं करा, म्हणजे तिचा भ्रम तरी जाईल." वहिनींचं सगळं आयुष्य त्या घरात गेलेलं. मुलीच्या फ्लॅटमध्ये त्या सुकून जातील हे मला दिसत होतं, पण सीमाचंही काही चुकत नव्हतं. ओळखीच्या लेथवाल्याकडून मी नवा खटका बनवून घेतला आणि धुळ्याला गेलो.

आषाढातलं आभाळ दाटून आलेलं, ऊन औषधालाही नव्हतं. तरी आम्ही शेडमध्ये शिरलो तेव्हा झाकण वीतभर वर आलेलं होतं. वहिनींना पुढच्या सीटवर बसवलं, दांडी दाखवली आणि मागे आबांच्या जागी वाकलो. नवा खटका चपखल बसला. बोटं आत होती, म्हणून सवयीने विचारलं, "शे ना?" पुढून उत्तर आलं, "शे." मी दाबलं. खट्. ओढून पाहिलं, झाकण जागचं हललं नाही. "वहिनी, झालं बघा," म्हणत मी पुढे गेलो, तर सीट रिकामी. वहिनी घराच्या दारातून चहाचे कप घेऊन येत होत्या. मी बोल्ट शोधत होतो तेव्हाच त्या उठून गेल्या होत्या.

मी वाकून सीटखालीही पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाल्या, "तुमले बी आयकू ऊनं ना?"

चहा तसाच राहिला. मी नवा खटका काढला आणि जुना पुन्हा लावला. ते झाकण कायमचं बंद करायला मन होईना. संध्याकाळी सीमाला फोन केला. "तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे. मीही ऐकलं." तिने मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "काका, तुम्हीसुद्धा...?" शेवटी दिवाळीपर्यंत आईला तिथेच राहू द्यायला ती तयार झाली. पुढचं पुढे.

आता माझ्याने वरचेवर धुळ्याला जाणं होत नाही. म्हणून दुपारी वहिनी फोन लावतात आणि त्याचा स्पीकर चालू करून तो चालकाच्या सीटवर ठेवतात, माझ्या जागेवर. मग मागे जातात. लांबून त्यांचा आवाज येतो, "शे ना?" मी इकडे पिंप्राळ्यात खिडकीशी बसून मोठ्याने "शे" म्हणतो. खट् ऐकू येतं आणि मग आम्ही आपापल्या घरी जेवायला बसतो.

परवा मात्र मी तोंड उघडायच्या आतच फोनमधून "शे" ऐकू आलं. खट् झालं. वहिनींनी फोन उचलला आणि म्हणाल्या, "आज लवकर बोलनात भाऊ."

मी नुसतं "हो" म्हणालो.