आजीचं माहेरचं नाव

काल कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी दारव्ह्याच्या कचेरीतली ती जुनी दुपार आठवली. बाबांसोबत मी आजीच्या लग्नाची नोंद शोधायला गेले होते. आजीला सगळे लक्ष्मी म्हणत; नोंदीत मात्र आजोबांच्या नावासमोर वधूचं नाव होतं गोदा.

मी आनंदानं ओरडलेच, "बाबा, सापडली!"

बाबांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "मरताना माय सारखी म्हणे, 'गोदे, चाल घरी.' मले वाटे, बहिणीले बोलावून राह्यली."

तेव्हा मला नाव सापडल्याचंच अप्रूप होतं. आता वाटतं, लग्नानंतर त्या नावानं आजीला कुणीच हाक मारली नाही; शेवटी तिची तिनंच मारली.