तोंडातला पदर

उसाची मोळी डोक्यावर घेऊन मी ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढले आणि कळ येऊन मोठ्यानं ओरडले. मोळी खाली पडली. सगळ्या टोळीसमोर मुकादम म्हणाला, "कावून वरडतीस? पिशवी तर काढली की तुझी. आता दुखायला राहिलंय काय?"

गडी हसले. नवरा मान खाली घालून पाचट तुडवत राहिला. माझ्या पोटातली गोष्ट अशी चव्हाट्यावर आली. फळीवरून खाली उतरायचीसुद्धा लाज वाटली.

आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांची मजुरी एकत्र. बाई बसली की कोयता बसला. म्हणून मुकादम पाळीत कळवळणाऱ्या बाईला तोडीला निघायच्या आधी गर्भपिशवी काढून घ्यायला सांगतात. खासगी डॉक्टर म्हणाला, "पिशवी खराब आहे." मी तिशीचीही नव्हते. काढली. वाटलं, सुटले.

सुटले कुठली. दुखणं वाढलं. सांधे ठणकायचे, अंगातून वाफा निघायच्या. बांगडी रुतली तरी डोळ्यांत पाणी. बाकीच्या बाया मोळ्या वाहतात, मीच कामचुकार, असं मलाच वाटायचं. सगळे हसले त्या दिवसापासून आवाज फुटू नये म्हणून पदर तोंडात कोंबायचे.

तोड संपल्यावर अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेले. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढलीत. त्यातून हार्मोन रक्तात जातं. दुखणं सोसायला ते शरीराला मदत करतं. ते एकदम थांबलं की तेच दुखणं जास्त जाणवतं. तुम्ही नाटक करत नाही."

मला रडू आलं. परक्या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी मात्र माझ्याच अंगाला खोटं ठरवलं होतं.

दसऱ्याला, नव्या तोडीच्या तोंडावर, मुकादम आमच्या गावी शिरूरला घरी आला. माझी धाकटी जाऊ पाळीत लई कळवळते, हे त्याला ठाऊक होतं. उसाच्या फडात मला अगं-तुगं करणारा आता म्हणाला, "वैनी, तुमीच समजावा तिला. पिशवी काढली की मोकळी."

म्हणजे माझंच उदाहरण द्यायचं, तेही माझ्याच तोंडून. शरमेनं कान तापले. मग राग आला.

"माजी काढली. दुखणं वाढलं. तुमी हसलात. हिची काढायची न्हाई."

"गप बस," नवरा म्हणाला.

मी गप बसले नाही. जावेनं माझा हात घट्ट धरला होता. दुखत होता. सोडवला नाही.

ती दवाखान्यात जाईल ती अंबाजोगाईला, माझ्याबरोबर. आणि यंदा फडात दुखलं की मी ओरडणार. पदर तोंडात घालणार नाही. ज्याला हसायचंय त्यानं माझ्या डोळ्यांत बघून हसावं.